रव्यांच्या सीमारेषा

इंग्रजी अमलात हिंदुस्थानातल्या लष्करी कोठारांमध्ये एक विचित्र प्रकार घडत असे. पितळी काडतुसे चांगल्या स्थितीत पेट्यांत भरून ठेवली जात आणि पावसाळा सरल्यावर पेट्या उघडल्या की त्यांतल्या काहींना चिरा गेलेल्या दिसत. कोणी ती ठोकली नव्हती, वाकवली नव्हती, त्यांच्यावर भारही ठेवलेला नव्हता. नुसती पडून पडून ती तडकली होती. पागेच्या आसपास ठेवलेल्या मालात हा प्रकार विशेष आढळे. इंग्रजीत त्याला ‘सीझन क्रॅकिंग’ असे नाव पडले.

उत्तर मिळायला १९२१ साल उजाडले. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी दाखवून दिले, की घोड्यांच्या मूत्रातून सुटणारा अमोनिया, पावसाळी दमट हवा आणि काडतूस घडवताना धातूत कोंडून राहिलेला ताण या तिघांची गाठ पडली की पितळ फुटते. यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. ही चीर धातू मिळेल तिथून आरपार कापत जात नाही. ती ठरावीक वाटांनी, वळणे घेत, शेतांच्या बांधावरून चालणाऱ्या माणसासारखी जाते. म्हणजे वरून एकसंध दिसणाऱ्या पितळेच्या आत आधीपासून बांध घातलेले असतात.

हे बांध पाहायला प्रयोगशाळेत जायची गरज नाही. जस्ताचा मुलामा दिलेली नवी पत्र्याची बादली उन्हात धरून पाहा. तिच्यावर वेड्यावाकड्या आकाराचे, काही उजळ तर काही मंद असे तुकडे एकमेकांना चिकटलेले दिसतील. प्रत्येक तुकडा म्हणजे जस्ताचा एक स्वतंत्र स्फटिक. जुन्या वाड्याच्या किंवा जुन्या सरकारी इमारतीच्या दाराची पितळी मूठ वर्षानुवर्षे घामट हातांनी झिजलेली असते. तिच्यावरही कधी कधी अशीच नक्षी उमटते, कारण घामातली आम्ले आणि क्षार वेगवेगळे स्फटिक वेगवेगळ्या वेगाने खातात.

कारखान्यांत या तुकड्यांना ‘ग्रेन’ म्हणतात. पाठ्यपुस्तकांत ‘कण’ असा शब्द असतो, पण मला तो पसरट वाटतो. मराठीत याहून नेमका शब्द आहे, तो म्हणजे रवा. लोणी कढवून झाल्यावर तूप हळूहळू निवू दिले तर त्यात मोठा रवा धरतो. पटकन गार केले तर तूप बारीक आणि लोण्यासारखे गुळगुळीत होते. वितळलेल्या धातूचे नेमके हेच होते. तो थिजू लागला की द्रवात ठिकठिकाणी इवलाले स्फटिक जन्मतात आणि वाढू लागतात. थिजणे सावकाश असेल तर जन्म थोडे आणि वाढ जास्त. घाईचे असेल तर जन्म पुष्कळ आणि प्रत्येकाच्या वाट्याला जागा थोडी. तुपाशी असलेले साम्य इथे संपते. तुपाचे रवे पातळ तुपात सुटे राहतात, तर धातूत द्रवाचा शेवटचा थेंबही थिजतो आणि रवे एकमेकांना जाऊन भिडतात. प्रत्येक रव्यातले अणू शिस्तीत, ओळीने रचलेले असतात. पण दोन शेजाऱ्यांच्या ओळींची दिशा सहसा जुळत नाही. एका खोलीतली फरशी सरळ आणि पुढच्या खोलीतली तिरकी बसवावी, तसे. उंबऱ्याशी दोन्हींचे तुकडे जेमतेम जुळवून घ्यावे लागतात. ती जुळवाजुळवीची, दोन-तीन अणू जाडीची पट्टी म्हणजे सीमा.

पट्टी अणूंइतकी बारीक असली तरी तिचा एकूण पसारा लहान नाही. चांगल्या पोलादातला रवा साधारण १० मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा असतो. एका घन सेंटीमीटरमध्ये असे सुमारे शंभर कोटी रवे बसतात आणि त्यांच्यामधल्या सीमांचे क्षेत्रफळ २,००० चौरस सेंटीमीटरच्या घरात जाते. साखरेच्या खड्याएवढ्या पोलादात वर्तमानपत्राच्या अख्ख्या पानाएवढी सीमा घडी घालून ठेवलेली असते.

धातू स्फटिकमय असतो हे पहिल्यांदा नीट पाहिले ते शेफील्डच्या हेन्री क्लिफ्टन सॉर्बी या हौशी संशोधकाने, १८६३-६४च्या सुमारास. त्याने पोलादाचा तुकडा आरशासारखा घासला, त्याला सौम्य आम्ल लावले आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. लोकांच्या मनातला एक गैरसमज मात्र पुढे बराच काळ टिकून राहिला. रेल्वेचा आस मोडला की तुटलेल्या जागी चकाकणारे दाणे दिसत, आणि जाणकार म्हणत की धक्के खाऊन खाऊन लोखंड ‘स्फटिक झाले’. ते पहिल्यापासून तसेच होते. मोडल्यावर दिसले एवढेच.

आता बळाकडे वळू. धातू वाकतो, म्हणजे रव्याच्या आत अणूंचा एक थर दुसऱ्यावरून घसरतो. १८९९-१९००च्या सुमारास युइंग आणि रोझेनहाइन यांनी ताणलेल्या धातूच्या रव्यांवर या घसरणीच्या बारीक रेघा पाहिल्या होत्या. अख्खा थर एकदम सरकवायला किती जोर लागेल याचा हिशेब फ्रेंकेल या रशियन शास्त्रज्ञाने १९२६ मध्ये मांडला. उत्तर इतके मोठे आले, की प्रत्यक्षात शुद्ध धातूचा एकसंध स्फटिक त्याच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी जोराने वाकतो. गणित बरोबर होते. पण अख्खा थर एकदम सरकतो हे गृहीतकच चुकीचे होते.

लग्नाच्या मांडवात अंथरलेले मोठे जाजम हातभर पुढे ओढायचे असेल तर चार माणसे लागतात. पण एका कडेला त्याला वळी पाडली आणि ती वळी पायाने ढकलत दुसऱ्या कडेला नेली, तर एकटा पोऱ्याही ते काम करतो. स्फटिकात अशाच वळ्या असतात. अणूंची एक जादा अर्धी ओळ मध्येच खुपसलेली असते आणि ती एकेक घर पुढे सरकत जाते. १९३४ मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे ही कल्पना मांडली. शास्त्रीय भाषेत तिला डिसलोकेशन म्हणतात. आपण वळीच म्हणू. पुण्याच्या तांबट आळीत तांब्याचा पत्रा ठोकता ठोकता कडक होतो, कारण प्रत्येक ठोक्यासरशी नव्या वळ्या तयार होतात आणि एकमेकींत गुंततात. मग कारागीर भांडे तापवून लाल करतो. तापल्यावर जुन्या, गुंता झालेल्या रव्यांच्या जागी नवे, स्वच्छ रवे जन्मतात आणि तांबे पुन्हा मऊ होते. फार वेळ तापवले तर तेच नवे रवे एकमेकांना गिळत फुगतात. असा पत्रा दाबून आकार दिला की त्याचा पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होतो.

तेव्हा धातूचे बळ वाढवायचे म्हणजे वळ्यांची वाट अडवायची. आणि हे काम सीमा फुकटात करते. सरकत आलेली वळी सीमेशी पोचली की तिला पुढची वाट सापडत नाही, कारण पलीकडच्या रव्यातल्या ओळी वेगळ्याच दिशेने गेलेल्या असतात. ती थांबते. तिच्या मागून त्याच वाटेने दुसरी येते, तिसरी येते. दर्शनबारीत पुढचे दार बंद असले की जशी रेटारेटी होते, तशी इथे होते. बारी लांब असेल तर दाराशी उभ्या असलेल्या माणसाच्या पाठीवर जास्त रेटा येतो. आखूड असेल तर कमी. मोठ्या रव्यात बारी लांब, म्हणून बाहेरून थोडा ताण दिला तरी सीमेवर साठणारा रेटा पलीकडच्या रव्यात नव्या वळ्या सुरू करायला पुरतो आणि धातू वाकू लागतो. बारीक रव्यात बारी आखूड, म्हणून तेवढाच रेटा निर्माण करायला बाहेरून जास्त ताण द्यावा लागतो.

या कल्पनेला गणिताचे रूप ई. ओ. हॉल यांनी १९५१ मध्ये आणि एन. जे. पेच यांनी १९५३ मध्ये दिले. धातूचे बळ म्हणजे एक ठरावीक आकडा, अधिक रव्याच्या व्यासाच्या वर्गमुळाशी व्यस्त प्रमाणात असलेली भर. रवा चौपटीने लहान केला की ही भर दुप्पट होते. साध्या मऊ पोलादासाठी आकडे घालून पाहू. रवा १०० मायक्रॉनचा असेल तर ते १४० मेगापास्कलच्या आसपास वाकू लागेल. १० मायक्रॉनला हा आकडा २९०च्या आसपास जातो. एक मेगापास्कल म्हणजे चौरस सेंटीमीटरवर साधारण १० किलोंचा भार. घर बांधताना आपण ‘एफई ५००’ म्हणून जी सळई घेतो, तिच्या नावातला ५०० हा आकडा याच मापाचा आहे. अर्थात त्या सळईचे बळ मुख्यतः वेगळ्या युक्तीने, लाटल्याबरोबर पाण्याचा मारा करून बाहेरचा थर कडक करण्याने येते. हॉल-पेच सूत्राची चिकित्सा अजून थांबलेली नाही. रेट्याची कल्पना न वापरताही वर्गमूळ काढता येते, आणि वर्गमुळाऐवजी दुसरा घातांकही बऱ्याच मोजमापांशी जुळतो असे म्हणणारे अभ्यासक आहेत. तरीही भट्टीशी काम करणाऱ्या माणसाला इतके उपयोगी पडलेले दुसरे सूत्र मला आठवत नाही.

आणि या सूत्रामागे मोडलेल्या जहाजांची पार्श्वभूमी आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने २,७०० हून अधिक ‘लिबर्टी’ जहाजे बांधली, तीही रिव्हेट न मारता वेल्डिंग करून. त्यांतल्या कित्येकांना थंड समुद्रात अचानक तडे गेले. १६ जानेवारी १९४३ रोजी ओरेगन राज्यातल्या पोर्टलंड येथे ‘स्केनेक्टडी’ हे नवे कोरे तेलवाहू जहाज शांत पाण्यात, धक्क्याला बांधलेले असताना मोठा आवाज होऊन जवळजवळ दुभंगले. ना वादळ, ना पाणतीर. दोष आधी वेल्डिंगवर गेला, आणि त्यात तथ्यही होते: पूर्वी एका पत्र्यातला तडा पत्रा संपला की थांबे, वेल्डिंगने सगळे कवच एकसंध केल्यावर त्याला मोकळे रान मिळाले. पण केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांनी मूळ पोलादाकडेच बोट दाखवले. ठरावीक तापमानाखाली ते पोलाद वाकण्याऐवजी काचेसारखे फुटत होते.

पेच यांच्या १९५३च्या निबंधाचा विषय हा ठिसूळपणाच होता. त्यांनी दाखवले, की रवा जितका बारीक तितका ठिसूळ फुटीलाही विरोध जास्त. पोलाद ठिसूळ होण्याचे तापमानही रवा बारीक केला की खाली ढकलता येते. याचे महत्त्व धातुकाम न करणाऱ्याच्या चटकन लक्षात येत नाही. धातू बळकट करण्याचे बाकीचे बहुतेक उपाय, म्हणजे कार्बन वाढवणे, ठोकून कडक करणे, पाण्यात बुडवून गार करणे, हे सगळे बळ देतात आणि बदल्यात चिवटपणा काढून घेतात. रवा बारीक करण्यात बळ आणि चिवटपणा दोन्ही मिळतात, आणि किंमत जवळजवळ काहीच पडत नाही. पुढे पोलादात नायोबियम, व्हॅनेडियम किंवा टायटॅनियम चिमूटभर घालायला सुरुवात झाली. शंभर किलोंत तीस-चाळीस ग्रॅम नायोबियम पुरते. त्याचे सूक्ष्म कार्बाइड लाल पोलाद लाटताना सीमांना जागोजाग खिळवून ठेवतात आणि रवे फुगू शकत नाहीत. आजच्या गॅसवाहिन्या या पोलादाच्या आहेत, आणि जगाच्या नायोबियमपैकी सुमारे नऊ-दशांश एकट्या ब्राझीलमधून येते.

इथवर वाचून कोणालाही वाटेल, सीमा जितक्या जास्त तितके चांगले. धातू तापवला की हे गणित उलटे होते.

पिवळ्या प्रकाशाचा जुना बल्ब आठवा. त्याची टंगस्टनची तार सुमारे २,५०० अंश सेल्सिअसला तापत असे. सुरुवातीच्या बल्बांत या तारेतले रवे तापून वाढत, इतके की एकेक रवा तारेची अख्खी जाडी व्यापी आणि तार बांबूसारखी पेरापेरांची होई. पेरांमधल्या सीमा तारेला आडव्या. थंड असताना त्या वळ्यांना अडवतात, पण वितळबिंदूच्या निम्म्याहून वर गेल्यावर (हे तापमान केल्व्हिनमध्ये मोजायचे) सीमेतले विस्कळीत अणू जागा बदलू लागतात आणि एक रवा दुसऱ्यावरून तेल लावल्यासारखा घसरतो. पेर सरकले, तिथे तार बारीक झाली, तिथली उष्णता वाढली, बल्ब गेला. यावरचा उपाय अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकमध्ये काम करणाऱ्या अलादार पाच याला सापडला, आणि त्याचे पेटंट १९२२ सालचे आहे. टंगस्टनच्या भुकटीत पोटॅशियमचा अंश राहिला की तारेत त्याचे अतिसूक्ष्म बुडबुडे ओळीने बसतात, सीमांना आडव्या वाढू देत नाहीत, आणि रवे लांबट होऊन फणसाच्या गऱ्यांसारखे एकमेकांत घट्ट बसतात. घरोघरी जळलेल्या कोट्यवधी दिव्यांचे आयुष्य या बुडबुड्यांवर अवलंबून होते.

विमानाच्या जेट इंजिनात हीच अडचण मोठ्या प्रमाणावर येते. ज्वलनकक्षाच्या लगेच पुढे असलेल्या टर्बाइनच्या पात्यांवरून वाहणारा वायू पात्याच्या मिश्रधातूच्या वितळबिंदूपेक्षाही तप्त असतो. पाती आतून हवा खेळवून गार ठेवावी लागतात. शिवाय जोराने फिरल्यामुळे प्रत्येक पाते बाहेरच्या दिशेला प्रचंड ताणले जाते. अशा अवस्थेत ताणाला आडवी असलेली सीमा हळूहळू उसवते. प्रॅट अँड व्हिटनी कंपनीत फ्रान्सिस व्हरस्नायडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकात आधी सगळे रवे पात्याच्या लांबीला समांतर वाढवले, म्हणजे आडवी सीमा उरली नाही. मग त्यांनी पुढचा प्रश्न विचारला: सीमा हवीच कशाला?

एकाच स्फटिकाचे पाते ओतण्याची युक्ती ऐकायला सोपी आहे. साच्याच्या तळाशी थंड ताट असते, तिथे शेकडो रवे जन्मतात आणि वर वाढू लागतात. त्यांच्या वाटेत डुकराच्या शेपटीसारखी पिळाची एक अरुंद नळी ठेवलेली असते. तिच्या वळणांत एकेक रवा बाद होत जातो आणि वर पोचतो तो एकटाच. पुढचे सगळे पाते त्या एका रव्याचे बनते. साचा भट्टीतून अगदी सावकाश खाली उतरवावा लागतो. जरा चूक झाली की मध्येच परका रवा जन्मतो आणि पाते भंगारात जाते. जुन्या, बहुरव्यांच्या पात्यांत सीमा बळकट करायला बोरॉन आणि झिर्कोनियम घालत. सीमाच नसल्यावर ही औषधे काढून टाकता आली, त्यामुळे मिश्रधातूचे वितळणे आणखी वरच्या तापमानाला गेले आणि अनपेक्षित असा दुहेरी लाभ झाला. हे तंत्र जगात मोजक्याच देशांकडे आहे आणि ते कोणी शिकवत नाही. हैदराबादच्या संरक्षण धातुविज्ञान संशोधन प्रयोगशाळेने ते विकसित केले आणि हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी अशी ६० पाती हिंदुस्थान एरोनॉटिक्सला दिल्याचे एप्रिल २०२१ मध्ये जाहीर झाले. त्या बातमीकडे आपल्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही, याचे वाईट वाटते.

सीमेचा दुसरा स्वभाव म्हणजे तिथे केर साठतो. अणूंची रचना सैल असल्यामुळे रव्यात न मावणारे परके अणू तिच्या आश्रयाला येतात. इंग्लंडमधल्या हिंकली पॉइंट ए अणुवीजकेंद्रात सप्टेंबर १९६९ मध्ये टर्बाइनची एक भली मोठी पोलादी चकती फिरता फिरता फुटून तिचे तुकडे उडाले. ते पोलाद ठिसूळ झाले होते, कारण त्याच्या सीमांवर फॉस्फरस गोळा झाला होता. एकूण धातूत फॉस्फरसचे प्रमाण नगण्य वाटावे असे होते. पण सीमा दोन-तीन अणूंच्याच जाडीची असल्यामुळे नगण्य प्रमाणही तिला भरून टाकायला पुरते.

हाच प्रकार आपल्या दूधसंघांच्या टाक्या बनवणाऱ्यांना वेगळ्या रूपात भेटतो. स्टेनलेस स्टील गंजत नाही ते क्रोमियममुळे. ३०४ या नेहमीच्या प्रतीत ते सुमारे १८ टक्के असते. वेल्डिंग करताना सांध्याच्या शेजारची एक पट्टी काही काळ ४५० ते ८५० अंशांदरम्यान राहते. तेवढ्यात पोलादातला कार्बन सीमांवर जाऊन क्रोमियमशी संयोग पावतो. सीमेलगतचे क्रोमियम १२ टक्क्यांखाली उतरते आणि तिथे स्टेनलेस हे नाव फोल ठरते. वरून टाकी चकचकीत दिसते, सांधाही शाबूत असतो, आणि त्याच्या बाजूने रव्यांच्या सीमा कुरतडल्या जात असतात. उपाय साधा आहे: कार्बन ०.०३ टक्क्यांच्या आत असलेली ३०४ एल ही प्रत वापरायची. ती थोडी महाग पडते, म्हणून दरपत्रकात तिचे ‘एल’ हे अक्षर गळण्याचा मोह कंत्राटदाराला होतो. टाकी घेणाऱ्याने ते अक्षर तपासून घ्यावे. काडतुसांचा रोगही याच कुळातला. सीमांवर अमोनिया काम करी आणि कोंडलेला ताण चीर उघडत नेई. घडवून झाल्यावर पितळ मऊ होणार नाही इतपत सौम्य आच देऊन तो ताण काढून टाकला, की ती फुटेनाशी झाली.

मग रवा बारीक करत किती खाली जायचे? हॉल-पेच सूत्र कागदावर थांबत नाही. १९८०च्या दशकात काही नॅनोमीटरच्या, म्हणजे जेमतेम काही डझन अणूंच्या रव्यांचे धातू बनवता येऊ लागले. पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक झालेले अतुल चोक्सी आणि त्यांचे जर्मनीतले सहकारी यांनी १९८९ मध्ये असे तांबे आणि पॅलेडियम तपासले. रवा आणखी लहान केल्यावर धातू मऊ झालेला दिसला. सुरुवातीला अनेकांनी नमुन्यांत छिद्रे असतील म्हणून शंका घेतली. नंतर डेन्मार्कमधल्या शिऑट्झ आणि जेकबसेन यांनी संगणकावर अणू मांडून पाहिले. तांब्याचे बळ १० ते १५ नॅनोमीटरच्या आसपास कळस गाठते आणि त्याखाली उतरते असे त्यांना आढळले. इतक्या लहान रव्यात वळ्यांना उभे राहायलाही जागा नसते. उरतो सीमांचाच मोठा हिस्सा, आणि रवे तापलेल्या धातूसारखे, पण साध्या तापमानालाच, एकमेकांवरून सरकू लागतात.

त्यामुळे गेल्या पंचवीस वर्षांत संशोधनाचा रोख बदलला आहे. सीमा किती, यापेक्षा सीमा कोणत्या जातीची, हे पाहिले जाते. सगळ्या सीमा सारख्या विस्कळीत नसतात. पितळ किंवा तांबे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर रव्यांत काही अगदी सरळ, पट्टीने आखल्यासारख्या रेषा दिसतात. त्यांच्या एका बाजूची अणुरचना दुसऱ्या बाजूचे आरशातले प्रतिबिंब असते. या जुळ्या सीमा. इथे ओळी इतक्या नेटक्या जुळतात, की केर साठायला फट मिळत नाही, वळ्या मात्र अडतात. २००४ मध्ये चीनमधल्या शेनयांग येथील लू के यांच्या गटाने काही नॅनोमीटर अंतरावर जुळ्या सीमा असलेले तांब्याचे पातळ पत्रे तयार केले. त्यांचे बळ १,००० मेगापास्कलच्या वर गेले, साध्या तांब्याच्या कितीतरी पट. साधारणतः तांबे बळकट करायला काही मिसळले किंवा रवे बारीक केले, की ते वीज वाहायला कुचराई करते, कारण विस्कळीत सीमांवर इलेक्ट्रॉन अडखळतात. या पत्र्यांची वीजवाहकता मात्र शुद्ध तांब्याच्या अगदी जवळ राहिली. वळी जिथे थांबते तिथून इलेक्ट्रॉन सुखरूप पार होतो अशी ती सीमा आहे. अशा सीमा पातळ पत्र्यात वाढवता येतात. बोटाएवढ्या जाड तारेत त्या भरून देण्याचे काम अजून चालू आहे.